जावयासमोर दुखत नाही

आपल्याला पाहून माणूस ताठ उभे राहिले, तर तो मान असतो, असे साळुबाई जन्मभर समजत आल्या होत्या. लोणीत त्यांच्या दारावरून जाताना बायका पदर सावरीत आणि पुरुष हातातली विडी पाठीमागे धरीत. यात कुणाचे काही चुकते असे त्यांना कधी वाटले नव्हते. परंतु त्या वर्षी कांद्याच्या लागणीच्या दिवसांत एक गोष्ट त्यांच्या डोळ्याला खटकली. शेजारची सोनीबाई बांधावरून येत होती, एका अंगावर कललेली, हात कमरेवर दाबलेला. साळुबाईंशी नजरानजर होताच ती एकाएकी सरळ झाली. कमरेवरचा हात खाली आला आणि चेहऱ्यावर हसू आले.

“काय गं सोने, कंबर कशी हाय?”

“झ्याक हाय, आक्का! दाजींच्या हाताला यश हाय, दुसरं काय!”

असे म्हणून ती तरातरा पुढे गेली. वाटेवरच्या बाभळीआड पोहोचताच ती पुन्हा कलली, आणि ते साळुबाईंनी पाहिले.

मान असा बाभळीच्या आडोशाला संपत नसतो. साळुबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

सोनीबाई ज्यांना दाजी म्हणाली ते डॉक्टर सुदर्शन हे साळुबाईंचे जावई. त्यांची एकुलती लेक इंद्रायणी त्यांना दिलेली. एका घरचा जावई तो साऱ्या गावचा जावई, हा लोणीचा रिवाज. म्हणून लहानथोर सारे त्यांना दाजीच म्हणत. पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात ते मणक्यांची ऑपरेशने करीत. मणक्यांमधली गादी सरकून नस दबली म्हणजे ती मोकळी करणारे डॉक्टर पुष्कळ आहेत. परंतु त्यानंतर माणसाला महिनोन्‌महिने निजवून ठेवण्याचे कारण नाही, थोड्याच आठवड्यांत त्याने हलक्या कामाला लागावे, हे सुदर्शनरावांनी दाखवून दिले होते. ज्या रोग्यांवरून त्यांनी ते दाखवले, ते बहुतेक लोणीचे आणि आसपासच्या वस्त्यांवरचे होते. त्यांचा निबंध परदेशी छापून आला. दूरदूरचे डॉक्टर त्याचा दाखला देऊ लागले, कैक इस्पितळांनी रोग्यांना लवकर कामाला लावण्याची पद्धत उचलली, आणि आता सरकारी दवाखान्यांसाठी तयार होत असलेल्या नियमावलीतही ती घालावी असे घाटत होते. गावाने त्यांचा सत्कार केला तेव्हा साळुबाई स्वतः बोलायला उभ्या राहिल्या होत्या. हे सारे त्यांच्या अभिमानाचे होते, आणि तो त्यांनी कधी झाकून ठेवला नाही.

आता त्याच पद्धतीने त्यांच्या सुनेचे ऑपरेशन व्हायचे होते. उज्ज्वलाच्या डाव्या पायातून खालपर्यंत कळ जात असे. कणीक मळायला बसली तर उठताना ती भिंत धरी. सुदर्शनरावांनी तिचा पाय तपासून, मणक्यांचे फोटो पाहून मंगळवारची तारीख दिली होती. तिचा नवरा गोकुळ तयार होता. उज्ज्वला मात्र होही म्हणेना आणि नाहीही म्हणेना.

“तुझ्या मनात काय हाय ते एकदा बोल,” साळुबाई तिला म्हणाल्या. “नणंदेच्या नवऱ्याचा हात नको वाटतो का?”

“तसं नाही, आत्या,” उज्ज्वला म्हणाली. तिचे लक्ष चुलीवरच्या दुधाकडे होते. “तुम्ही म्हणाल तसं करीन. फक्त एकदा सोनाकाकूंना नीट विचारा.”

“विचारलं. झ्याक हाय म्हणाली.”

“तुम्हाला ना?” एवढेच बोलून उज्ज्वलाने दूध उतरवले.

त्या दोन शब्दांनी साळुबाईंची झोप उडवली. सून काही लपवते आहे, की सोनीबाई? की जवळच्या मंचरच्या एखाद्या डॉक्टरने जावयाच्या नावावर चिखलफेक चालवली आहे? मोठ्या माणसाचे नाव झाले म्हणजे त्याला पाण्यात पाहणारेही निपजतात. त्यांचा पहिला संशय तिकडे गेला, आणि तो त्यांना सोयीचाही वाटला.

तो संशय मंचरला आणखी पक्का झाला. गोकुळने कांद्यासाठी खते घ्यायची म्हणून गाडी काढली, तेव्हा साळुबाईही सोबत गेल्या. हमरस्त्यावर गाड्यांची ही दाटी. रस्ता ओलांडायला वाट पाहत त्या उभ्या होत्या, तो समोरच्या एका लहानशा दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सोनीबाई दिसली. कठड्याला धरून, एकेक पायरी, आणि उजवे पाऊल पायरीवर आपटत. साळुबाईंनी हाताने वाहने थांबवली. त्यांनी हात वर केला की वाहनेही थांबत, असा त्यांचा समज होता आणि त्या दिवशी तो खराही ठरला.

“सोने! इथं काय करतीस?”

सोनीबाईचा चेहरा उतरला, पण पाठ मात्र ताबडतोब ताठ झाली. “मी? काय न्हाई आक्का. पावणी भेटाया आली व्हती.”

“दवाखान्यात?”

“पावणीला ताप आला व्हता.”

“मग पावणी कुठं हाय?”

“गेली की!” सोनीबाई म्हणाली आणि गर्दीत शिरली.

साळुबाई तडक पायऱ्या चढून आत गेल्या. तिथला डॉक्टर तरुण आणि भिडस्त निघाला. रोग्याची गोष्ट सांगता येत नाही, एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. परंतु बाकावर बसलेल्या बायांपैकी दोघी लोणीच्याच होत्या. दोघींचीही ऑपरेशने सुदर्शनरावांनी केलेली. त्यांनी साळुबाईंना पाहिले आणि बाकावरच पाठी ताठ केल्या.

“कमरेत सुई घ्यायला आल्यात बाया,” कोपऱ्यातली एक परगावची म्हातारी आपणहून बोलली. “तुमी पण का?”

साळुबाई खाली आल्या. सुई घेणाऱ्या बायकांनी गावात एक सांगायचे आणि मंचरला दुसरे करायचे, हा कृतघ्नपणा की आणखी काही?

उलगडा झाला तो कांद्याच्या बराखीत. साठवणीचा कांदा विकून गेला होता आणि बराख रिकामी पडली होती. तिच्या कुडाच्या फटींतून दुपारचे ऊन आत येई, म्हणून गेणभाऊ तिथे अंग टाकायला जात असे. गेणभाऊ हा साळुबाईंच्या वाटेकऱ्याचा थोरला भाऊ. त्याचेही ऑपरेशन झालेले. साळुबाई बराखीपाशी आल्या तेव्हा त्यांना फोनवरचा आवाज ऐकू आला. तो अक्षदा नावाच्या मुलीचा होता. सुदर्शनरावांच्या संशोधनासाठी रोग्यांना वेळोवेळी फोन करून विचारपूस करण्याचे काम तिच्याकडे होते. गेणभाऊला कमी ऐकू येत असल्याने त्याने फोनचा आवाज मोठा ठेवला होता. साळुबाई कुडाबाहेरच थांबल्या.

“बाबा, दुखणं शून्य ते दहामध्ये किती सांगाल? शून्य म्हणजे अजिबात नाही.”

“शून्य!” गेणभाऊ ओरडला.

“वाकताना?”

“शून्य!”

“बसून उठताना काही त्रास?”

“अवं ताई, टुणकन उडी मारतो! दाजींना सांगा, गेणभाऊ तालमीत जाया लागलाय.”

अक्षदा हसली आणि तिने फोन ठेवला. गेणभाऊ उठायला गेला. एक गुडघा टेकला, कुडाच्या मेढीला धरले, “आई आई गं” म्हणून पुन्हा खाली बसला. त्याच्या कमरेखाली फडक्यात गुंडाळलेली गरम वीट होती.

“तालमीतनं आलास का?” साळुबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या.

गेणभाऊने आधी वीट लपवायचा प्रयत्न केला. मग हात जोडले.

“आक्का, तुमी ऐकलं व्हय?”

“शून्य शून्य म्हणत व्हतास, अन् उठता येईना! त्या पोरीशी खोटं का बोललास?”

“पोरगी कुणाची? दाजींची माणूस. दाजींना सांगितल्यावानीच झालं की ते!” गेणभाऊला खरोखरच नवल वाटल्याचे दिसत होते. “आक्का, तुमी एवढ्या शाण्या अन् हे विचारता? जावई ताटावर बसल्यावर आमटी खारट झाली तर तो म्हणंल का? न्हाई म्हणणार. मग आमी त्याला कसं म्हणायचं, की पावणं, तुमचं काम बिघडलं? गावाची लेक हाय त्याच्या घरात. उद्या तिला टाकून बोलला म्हंजी?”

“गावातले सगळेच असं सांगतात?”

“ज्यांचं बरं हाय ते बरं सांगत्यात. ज्यांचं न्हाई ते लई बरं सांगत्यात.”

“अन् हे कुणी ठरवलं?”

“ठरवाया कशाला पायजे? जावयासमोर दुखत न्हाई कुणाला.” गेणभाऊने मान खाली घातली. “अन् सत्काराला तुमीच म्हणला व्हता, गावच्या जावयाच्या नावाला गावातनं बट्टा लागू देऊ नका.”

“मी भाषण केलं व्हतं,” साळुबाई कडाडल्या. “औषध सांगितलं नव्हतं!”

परंतु घरी परतताना त्यांची चाल मंद होती. आता संशयाने तोंड फिरवले होते. मंचरकडून ते थेट पुण्याकडे वळले होते. गाव बोलत नाही हे गावाला ठाऊक. मग जावयाला ठाऊक नसेल? एवढा बुद्धिमान माणूस. शेकडो गावे सोडून त्याने सासुरवाडीचीच माणसे का घेतली?

त्यांनी इंद्रायणीला फोन लावला. हवापाण्याच्या गोष्टींत त्यांनी वेळ घालवला नाही.

“इंदे, जावईबापूंनी आपलंच गाव का धरलं गं?”

“कशासाठी? संशोधनासाठी?” इंद्रायणी म्हणाली. “अगं आई, तेच तर त्यांचं मोठं भाग्य! इतर डॉक्टरांचे रोगी निम्म्याहून जास्त पुन्हा सापडतच नाहीत, फोन उचलत नाहीत. आपल्या गावातलं एकही माणूस सुटलं नाही. सगळ्यांनी वेळच्या वेळी उत्तरं दिली. परदेशातल्या लोकांनी हीच गोष्ट वाखाणली. असं का विचारतेस?”

“काही न्हाई. रविवारी त्यांना पाठव. उज्ज्वलाला बघून जातील.”

“मासवडी करशील ना? वाटच बघत असतात.”

“पाठव तू,” साळुबाई म्हणाल्या.

साळुबाईंनी फोन ठेवला. माणसे सुटली नाहीत, कारण जावयाचा फोन कुणी टाळत नाही. आणि खरे बोलली नाहीत, तेही त्याच कारणाने. या दोन्हींतले एक घेऊन दुसरे टाकता येत नव्हते. मंगळवारी उज्ज्वलाला टेबलावर चढवायचे, ते कुणाच्या भरवशावर? गप्प बसावे तर सुनेची पाठ पणाला लागत होती आणि बोलावे तर लेकीच्या नवऱ्याचे नाव. साळुबाईंनी रात्र त्या विचारात काढली नाही. त्या जेवून वेळेवर झोपल्या. निर्णय घ्यायचा तो त्यांनी झोपण्याआधीच घेतला होता.

रविवारी सकाळी सुदर्शनरावांची गाडी अंगणात शिरली तेव्हा नेहमीचे काहीच तिथे नव्हते. पायांवर घालायला तांब्याभर पाणी नव्हते, ओट्यावर गादी नव्हती, मसाल्याचा वास नव्हता. साळुबाई बराखीच्या दारात उभ्या होत्या.

“मामी, सगळं ठीक आहे ना?” त्यांनी वाकून पायाला हात लावला.

“आत ये,” साळुबाई म्हणाल्या.

सुदर्शनराव थबकले. लग्नापासून या बाईंनी त्यांना ‘अहो जावईबापू’ याखेरीज हाक मारली नव्हती. आत गेले, तर बराखीच्या जमिनीवर गोणपाटावर गावातली त्यांचीच माणसे बसलेली: सोनीबाई, गेणभाऊ, मंचरच्या बाकावरच्या दोघी, आणखीही काही. भिंतीशी उज्ज्वला उभी. दाजींना पाहताच सगळ्यांच्या पाठी ताठ झाल्या, दोऱ्या ओढल्यासारख्या.

“बस,” साळुबाईंनी रिकाम्या गोणपाटाकडे बोट केले. “खाली.”

कुणीतरी “अगं बया” म्हणाले. गेणभाऊ आपल्याखालचे घोंगडे काढून द्यायला धडपडला, तेव्हा साळुबाईंनी त्याला डोळ्यांनीच जागी बसवले.

“ऐका समद्यांनी. आज हितं कुणाचा जावई आलेला न्हाई. जावयाला मी चहा देते, मासवडी घालते, टॉवेल-टोपी करते. ह्याला आज पाणीबी द्यायचं न्हाई. हा डॉक्टर हाय अन् तुमी त्याचे रोगी. माझ्या लेकीचं काय व्हायचं ते मी बघीन, त्यात तुमी पडू नका. आता बोला.”

सुदर्शनरावांचा चेहरा लाल झाला होता. त्यांचीही नजर आता एकेका चेहऱ्यावरून संशयाने फिरू लागली.

“मामी, हा काय प्रकार आहे? यांना कुणी काही शिकवलंय का?”

“शिकवलंय. पण उलटं,” साळुबाई म्हणाल्या. “सोने, तुझी कंबर कशी हाय?”

सोनीबाईने दाजींकडे पाहिले. “झ्याक हाय,” ती पुटपुटली.

“बरं. मग ऊठ अन् त्या दारापर्यंत चालून दाखव.”

सोनीबाई उठली. ती ताठ चालली, चेहऱ्यावर हसू ठेवून चालली. अर्ध्या वाटेवर तिच्या उजव्या पायातली चप्पल सुटून मागे राहिली. ती तशीच पुढे गेली. दारापाशी पोहोचून वळली, तेव्हा एका पायात चप्पल आणि दुसरा उघडा, आणि तिच्या ते गावीही नव्हते. सगळे त्या चपलेकडे पाहत होते. तिने खाली पाहिले आणि पदर तोंडात धरला.

सुदर्शनराव उठले होते. त्यांनी सोनीबाईला दारातच बसवले आणि तिचे पाऊल हातात घेतले.

“अंगठा वर करा. माझ्या हाताला ढकला. आणखी जोर लावा.”

“लावलाय, दाजी.”

अंगठा हलला नाही.

“हे कधीपासून आहे?”

“गेल्या लागणीपासनं.”

“वर्ष झालं? अक्षदाने दर वेळी विचारलं असेल तुम्हाला!”

“इचारलं की. लई गोड पोरगी हाय.”

“आणि तुम्ही लागणीला बसलात? मी हलकं काम म्हणालो होतो!”

“हलकंच की ते!” सोनीबाईचे रडू एकदम रागात बदलले. “पाटी उचलली न्हाई, पाण्याचा हंडा उचलला न्हाई. दिसभर वाफ्यात उकिडवं बसून रोप लावायचं, त्यात काय वजन हाय? तुमी म्हणला तिसऱ्या आठवड्यात कामाला लागा. लागणीच्या टोळीनं म्हणलं दाजींनीच सांगितलंय, चल. न्हाई कशी म्हणू? दाजींचं ऑपरेशन फसलं म्हणू?”

तिचा बांध फुटला आणि मग एकेकाचा फुटत गेला. कुणाला रात्री कूस बदलता येत नव्हती, कुणी सुया घेऊन दिवस काढीत होती. एक बाई मात्र ठामपणे म्हणाली की तिचे खरेच उत्तम आहे, आणि तिच्यावर कुणाचा विश्वास बसेना. ती रागावून दोनदा वाकून दाखवू लागली. गेणभाऊने शून्याचा आकडा बदलून सात सांगितला, मग थांबून म्हणाला, “साडेसात. वीट नसली तर.” कुणी हसले नाही.

सुदर्शनराव प्रत्येकाशेजारी गुडघ्यांवर बसत गेले. पाय उचलून पाहिले, तळव्याला नख लावून पाहिले. त्यांचा आवाज हळूहळू खाली येत गेला. शेवटी ते साळुबाईंसमोर उभे राहिले.

“एकच इचारते,” साळुबाई म्हणाल्या. “ठाऊक व्हतं का?”

“नाही,” ते म्हणाले. साळुबाईंनी नजर हलवली नाही. “शंका आली होती, मामी. एवढी चांगली उत्तरं कुठल्याच गावाची येत नाहीत. एकदा वाटलं, स्वतः येऊन सगळ्यांना तपासावं. आलो, तेव्हा जेवण झालं, हारतुरे झाले, आणि सगळे हसत समोर उभे होते. मग तपासायचं कशाला, असं वाटलं.”

“वाटून घेतलंस.”

“हो.”

“अन् ती सरकारी नियमावली?”

“त्यांना आजच कळवतो की या निकालांवर विसंबू नका. ज्यांनी निबंध छापला त्यांनाही कळवावं लागेल. ज्या इस्पितळांनी ही पद्धत उचलली आहे...” ते थांबले. आपला शब्द कुठकुठे पोहोचला आहे याचा आजवर अभिमानाने केलेला हिशेब त्या घटकेला त्यांच्या डोळ्यांपुढून उलटा फिरत असावा. “पण सोनाकाकूंचं आधी. नस पुन्हा दबली आहे. पाऊल परत येईल की नाही, मी सांगू शकत नाही. उशीर झालाय. आता थांबणं मात्र योग्य नाही.”

त्यांनी घसा साफ केला आणि पाण्यासाठी इकडेतिकडे पाहिले. कुणी उठले नाही. तेव्हा ते स्वतःच बाहेर गेले, अंगणातल्या नळाला ओंजळ लावली आणि परत आले.

“उज्ज्वला, तुझी मंगळवारची तारीख...”

“दाजी,” उज्ज्वला भिंत सोडून पुढे आली. एवढ्या माणसांत, सासूसमोर, ती पहिल्यांदाच न विचारता बोलत होती. “ती तारीख सोनाकाकूंना द्या.”

गोकुळ दारातून म्हणाला, “अगं, पण तुझा पाय?”

“माझा अंगठा अजून वर होतो. बघितलाय त्यांनी.” ती सुदर्शनरावांकडे वळली. “तुमच्या हाताला मी नावं ठेवत नाही. गरज पडली तर तुमच्याकडूनच करून घेईन. पण आधी काकूंचं होऊ द्या. त्यांना पुरी विश्रांती मिळू द्या, लागण काय व्हायची ती होईल. मग त्यांना कसं वाटतं ते मी त्यांच्या चुलीपुढं बसून विचारीन. तुम्ही नसताना. आणि आत्या, तुम्हीही नसताना.”

सुनेचे हे बोलणे साळुबाईंना लागले. ते त्यांनी कुणाला दिसू दिले नाही. जावयाच्या नावाची त्यांनी इतकी राखण केली होती, आणि त्यांच्याच घरची सून त्यांना त्या चुलीपासून दूर बसवीत होती. त्यांनी उज्ज्वलाकडे पाहिले. उज्ज्वला ताठ उभी नव्हती. एका अंगावर कलून, दुखरा पाय सैल सोडून, सासूच्या नजरेला नजर देऊन ती उभी होती.

“द्या,” साळुबाई जावयाला म्हणाल्या. “तिची तारीख सोनीला द्या. अन् सोने, ती चप्पल घाल आधी.”

सोनीबाईने पाय पुढे केला. पण पाऊल चपलेत जाईना, म्हणून सुदर्शनरावांनी खाली बसून ती हाताने तिच्या पायात सारली. गावाच्या जावयाने पायाला हात लावला म्हणून सोनीबाई संकोचाने मागे सरू लागली.

“हलू नका,” डॉक्टर म्हणाले.